म्हशीचा तग

अर्णवच्या पाठीवरच्या पिशवीची चेन सुटली आणि त्याचे फासे कुसुमआत्याच्या खाटेवर सांडले. फासे म्हणजे आपल्या सारीपाटाचे लांबुळके नव्हेत. कुणाला आठ बाजू, कुणाला बारा, आणि एक तर चांगला वीस बाजूंचा, जांभळा, आरपार दिसणारा. आत्याने प्लास्टर नसलेल्या हाताने तोच उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "ह्ये काय खडीसाखर हाय व्हय रं?"

"नाही आत्याआजी, फासा आहे," अर्णव म्हणाला. हा माझा नातू. सुट्टीत नगरला माझ्याकडे येतो आणि येताना आपला जादूगार-राक्षसांचा खेळ बरोबर घेऊन येतो. "आमच्या गेममध्ये कुणी जादू केली ना, की समोरचा प्राणी हा टाकतो. मोठा आकडा पडला तर जादू त्याला लागतच नाही. प्रत्येक प्राण्याचं वेगवेगळं असतं. ड्रॅगनचं भारी असतं."

आत्याने फासा तळहातावर खुळखुळवला. मग माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, हसू दाबत.

"आन् म्हशीला?" ती म्हणाली.

मी बोलायचं थांबले. खरं तर सकाळपासून मी एकटीच बोलत होते. आत्या ऐंशीच्या घरात आली, श्रीरामपूरला दोन खोल्यांत एकटी राहते, आणि गेल्या महिन्यात न्हाणीत पाय घसरून पडली. मनगट मोडलं. पार शेजारीण येईपर्यंत बाई तशीच बसून होती. तेव्हा आता काय वाटेल ते झालं तरी हिला उचलून नगरला माझ्या घरी न्यायचंच, असं ठरवून मी आले होते. रडून झालं होतं, रागावून झालं होतं, डिंकाचे लाडू पुढे करून झाले होते. आत्या एका हाताने शेंगा फोडत होती आणि मधूनमधून "हं" म्हणत होती. आणि आता हे, "आन् म्हशीला?" इतक्या वर्षांनी तो प्रश्न ऐकला आणि मला चिंचेचा वास आला. शपथेवर सांगते, खोलीत चिंचेचं बुटूकसुद्धा नव्हतं.

तो वास आमच्या क्वार्टरचा. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो, अण्णा तिथे फिटर होते. एका ओळीत खोल्या, वर पत्रे, समोर पाट, पाटाच्या कडेला चिंचेची झाडं. चांगल्या वर्षी त्या वसाहतीला मळीचा वास असायचा, गोड आणि कुजका, पाहुण्यांना मळमळायचं आणि आम्हाला त्याशिवाय झोप यायची नाही. पण मी सांगतेय ते वर्ष दुष्काळाचं. पाट कोरडा, त्यात आम्ही लंगडी घालायचो. ऊसच नाही, त्यामुळे चिमणी थंड. भोंगा मात्र वेळेवर व्हायचा, आणि अण्णा रात्रपाळीला जाऊन बंद यंत्रं खोलून पुसून पुन्हा जोडायचे. घरात रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकऱ्या. शाळेत सुकडी मिळायची, तिचा भाजका गोडसर वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा. मोठ्यांना त्या वर्षाचं नाव काढलं की अजून घशाला कोरड पडते. मला, लाज वाटते सांगायला, ते वर्ष फार आवडलं होतं.

आवडलं कारण त्या वर्षी आत्या आली. होळीच्या आधी, काष्टीहून, सासरहून, एक हिरवी पत्र्याची पेटी घेऊन पॅसेंजरने एकटी आली. का आली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की तिने दारात पेटी ठेवली, नाकातली चमकी काढून पेटीच्या कडीला अडकवली, आणि आईला म्हणाली, "वहिनी, चिंच फोडायची राह्यलीय न्हवं? आना हिकडं."

उन्हाळ्यातलं चिंच फोडणं हे काम आता कुणाला ठाऊक असेल तर असो. वर्षाची चिंच अंगणात वाळवायची, टरफलं काढायची, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे आणि मीठ लावून गोळे बरणीत दाबायचे. दुपारभर ते चालायचं. बोटं आंबून पांढरी पडायची. पत्र्याखाली भट्टी पेटलेली असायची, दाराला ओलं गोणपाट लावावं म्हटलं तर पाणी नाही. आम्हाला बाहेर सोडत नसत. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ बंडू, आणि शेजारच्या क्वार्टरमधली एस्तेर. एस्तेरची आई मार्थाबाई कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. तिची दुपारची ड्यूटी असली की एस्तेर आमच्याकडे. पडदीपलीकडे अण्णा रात्रपाळीची झोप काढत असायचे, त्यामुळे जे काय बोलायचं ते हळू बोलायचं. आणि आम्ही तिघं हळू बोलणाऱ्यांतली नव्हतो.

म्हणून आत्याने तो खेळ काढला. चिंचोके दगडावर घासून तिने त्यांच्या दोन-दोन फाका केल्या. एक अंग काळं-तपकिरी, एक पांढरं. तशा पाच फाका. मग चुलीतला कोळसा घेऊन शहाबादी फरशीवर नदी काढली, नदीपलीकडे डोंगर, डोंगरात एक गुहा, गुहेत जादूगार. बस, एवढाच खेळ. बाकी सगळं तोंडी. ती विचारायची, "बंड्या, तू घोरपड हायेस. नदीकाठी आलास. समोरनं जादूगार आला. काय करशील?" आणि बंडू पोटावर सरपटत सांगायचा की काय करील. मग जादूगार मंत्र टाकायचा, भुलीचा, भीतीचा, निजेचा, नाहीतर रूप पालटण्याचा. आणि ज्याच्यावर मंत्र पडला त्याने फाका टाकायच्या. पांढरी अंगं जास्त पडली तर त्याने तग धरला. काळी जास्त पडली तर लागली जादू. "टाक तग!" असं आम्ही कुजबुजत ओरडायचो. कुजबुजत ओरडणं म्हणजे काय ते ज्याचा बाप रात्रपाळीला असतो त्यालाच कळेल.

पण खरी गंमत फाकांत नव्हती. प्रत्येक जनावराचा तग वेगळा, हे आत्याचं डोकं. मुंगसाला दोनदा टाकायला मिळायचं, कारण ते चपळ. मंत्र जिथे पडतो तिथून ते कधीच निघून गेलेलं असतं. घुबडाला रात्री तग, दिवसा शून्य. सरड्यावर रूप पालटायचा मंत्र चालायचा नाही, "त्यो मंत्र येन्याआधीच रंग बदलतो, मंत्राला वाटतं आपलं काम झालं, म्हनून माघारी जातो." घोरपडीचं काय वाटेल ते करा, पण एकदा तिने भिंत धरली की सुटायची नाही. तिला दगड केलं तर दगड भिंतीला चिकटून राहायचा. गाढवाला मंत्र तीनदा सांगावा लागायचा. आणि कोंबडीला तग नव्हताच, बिचारीला कुणीही भुलवावं, पण तिला घटकेने आठवतच नसे की आपण भुललोय, मग ती आपली उकिरड्याकडे चालू पडायची.

"आणि बैलाला?" एस्तेरने विचारलं होतं. तिला बैल व्हायचं होतं, ताकदीचा, वशिंडाचा.

"बैलाला न्हाई."

"का न्हाई? एवढा मोठा असून?"

"त्याच्या नाकात वेसन हाय," आत्या म्हणाली. "ज्याच्या नाकात वेसन, त्याला तग न्हाई. त्यो कुनाच्याबी मागं जातो." एस्तेर दोन दिवस रुसली. मग तिने आपलं आपणच ठरवलं की आपण कोंबडी होणार.

राहिली म्हैस. म्हैस मी होते. माझ्या पाळीला जादूगाराने मंत्र टाकला, मी फाका उचलल्या, तर आत्याने माझ्या हातावर चापट मारली. "ठेव खाली. म्हशीला तग टाकावा लागत न्हाई."

"का?"

"ती ऐकतच न्हाई. मंत्र कानावर पडला तर लागंल ना!"

आम्ही इतके हसलो की पलीकडून अण्णांनी घसा खाकरला. पण तो नियम कायमचा झाला. मोठमोठे मंत्र यायचे, डोंगर हलायचा, घोरपडीचा दगड व्हायचा, आणि माझी म्हैस मध्यभागी रवंथ करत उभी. पुढे पुढे मला कंटाळा यायला लागला. जादू लागण्यातही मजा असते हो, ती मला कधी मिळालीच नाही.

एकदा मात्र हाच तग आम्हाला नडला. नदीला पूर आलेला, आमच्या फरशीवरच्या, खरीला कसला पूर, आणि सगळ्यांना पलीकडे जायचं होतं. त्या दिवशी मी जादूगार होते, म्हैस कुणीच नव्हतं, ती नुसती आमच्या काठावर उभी. म्हशीच्या पाठीवर बसल्याशिवाय कुणी पार होणार नाही. मी भूल घातली, भीती घातली, वारा सोडला. एस्तेरने तर येशूची प्रार्थनासुद्धा म्हटली. आत्या दर वेळी मान हलवायची, "म्हैस हालंना." शेवटी पाच-सहा वर्षांचा बंडू उठला. त्याने झाडूच्या चार काड्या आणल्या, नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवल्या आणि चालू पडला.

"ह्ये काय?" आत्या म्हणाली.

"कडबा. आनि मी चाललो. मागं वळून बघायचं न्हाई, बघितलं की थांबती." आमच्या आजोळी म्हैस होती, पोराला म्हशीची जात ठाऊक होती.

आत्या बंडूकडे बघत राहिली. "आली," ती म्हणाली. "आली रं म्हैस." आणि तिने त्याला जवळ ओढून त्याचा धुळीचा मुका घेतला.

त्याच दिवशी असेल की दुसऱ्या कुठल्या, आता दुपारी एकमेकींत मिसळून गेल्यात, एस्तेरने विचारलं, "आत्या, आणि माणसाला?"

आत्या चिंचेची शीर ओढत होती. ती तिने पुरती ओढून काढली. मग म्हणाली, "मानसाला हाय तग. चांगला हाय. पन आधी त्याला कळाय पायजे का जादू चाललीय."

तेव्हापासून आम्हाला घरात जादू दिसायला लागली. बाई गं, किती जादू! चैत्र लागला तसे काष्टीचे निरोप येऊ लागले, की झालं गेलं विसरा, सूनबाईला धाडा. अण्णा संध्याकाळी डबा भरता भरता एकदम ताटावर हात आपटून म्हणायचे, "लोक काय म्हनत्याल, कुसे?" बंडू माझ्या कानात सांगायचा, भीतीचा मंत्र. आई चुलीशी बसून पदराने डोळे पुसायची, "माझ्या पोरींची लग्नं कशी व्हनार?" घरात पोरगी एकच, मी, पण रडताना आईला आकडा वाढवायची सवय होती. हा भुलीचा. आत्या खाली मान घालून भाकरी थापत राहायची. आम्ही तिच्या हातांकडे बघायचो. भाकरीची कड कधी फाटली नाही.

वसाहतीतल्या एका मावशींनी आईला सांगितलं की हिला बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवा. त्या वर्षी लिंबू म्हणजे सोनं. आईने कुठूनसं एक मिळवलं, आत्यावरून सात वेळा ओवाळलं, आणि बंडूला सांगितलं की तिठ्यावर टाकून ये, मागं बघू नको. आत्याने त्याच्या हातातून ते काढून घेतलं, विळीवर चिरलं आणि आम्हाला सरबत करून दिलं. अर्धा तांब्या पाणी, गुळाचा खडा, चिमटीभर मीठ. आई कपाळाला हात लावून बघत राहिली. मग आत्याने तिच्या हातात पेला दिला, आणि आईही प्यायली, काय करणार, घसा सगळ्यांचाच सुकला होता. तसं सरबत पुन्हा माझ्या नशिबात आलं नाही.

आणि मग मामा आले. आत्याच्या नवऱ्याचे मामा, फेटा, स्वच्छ धोतर, पायांत करकरणारी पायताणं. ते भांडायला आले असते तर सोपं होतं. ते गोड माणूस होते. बंडूला श्रीगोंद्याचे पेढे, आईला खण. पोत्यावर बसले आणि साखरेच्या पाकासारखं बोलायला लागले. "पोरी, मी काय तुला न्ह्याला आलो न्हाई. तुझं मन बघाय आलोय. तुझ्याबिगर घर खायला उठतंया. तुळशीला पानी घालाय कुनी न्हाई." आत्या कोपऱ्यात चिंचेचे गोळे करत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिचे हात थांबले होते. डोळ्यांत पाणी होतं. तिने ती तुळस स्वतः लावलेली होती, हे मला नंतर कळलं. आई हिरवी पेटी झटकून दारात आणून ठेवत होती. संध्याकाळच्या पॅसेंजरला अजून वेळ होता, आणि अण्णा झोपेतून उठून भिंतीला टेकून बसले होते.

बंडूला राहवलं नाही. तो उठला, कोनाड्यातल्या पाच फाका घेतल्या आणि सगळ्यांच्या देखत आत्याच्या आंबट हातावर ठेवल्या. "आत्या, टाक तग!"

आई ओरडली, "आरं मुडद्या!" पण आत्याला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. आणि तिने, सवयीने म्हणा की गमतीने म्हणा, फाका टाकल्या.

पाचही काळ्या पडल्या.

आयुष्यात मला पुष्कळ वाईट बातम्या कळल्या, पण त्या फरशीवरच्या पाच काळ्या ठिपक्यांएवढी भीती कशाचीच वाटली नाही. एस्तेरने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आणि मामा पुढे वाकले. त्यांना आमचा खेळ काय ठाऊक! त्यांच्याकडे देवापुढे कौल लावतात, गहू-तांदूळ, फुलं, सुपाऱ्या लावून. त्यांना वाटलं, पोरगी शहाणी, घरच्या देवाचा कौल घेतेय. "सगळे एका अंगानं पडले!" त्यांनी हातच जोडले. "एकमुखी कौल झाला. देवानं बी हुकूम दिला, पोरी. आता माझं कशाला, त्याचं तरी ऐक. ऊठ."

आता देवाचंच नाव आल्यावर आईने डोक्यावरून पदर घेतला. मी तिथे मोठ्याने रडायला लागले आणि रडत रडत म्हणाले, "पन आत्या म्हैस हाय! आजपास्नं म्हैस ती हाय! मी न्हाई म्हैस, मी तिला दिली!"

मामा बघतच राहिले. "कोन म्हैस?"

एस्तेर पुढे झाली. सांगण्यासारखं असेल तर ती कुणालाही सांगायची, चर्चमध्ये वचनं पाठ म्हणून दाखवायची तिला सवय होती. हात मागे बांधून तिने मामांना सगळं समजावलं, की मुंगसाला दोनदा असतं, गाढवाला तीनदा सांगतात, कोंबडीला नसतंच, आणि म्हशीला टाकावा लागत नाही, कारण ती ऐकतच नाही, म्हणून हे पडलेलं धरायचं नाही.

आणि भिंतीशी बसलेले अण्णा हसले. आधी नाकातून, मग पोटातून. आम्ही अण्णांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणजे ते झोपत नव्हते तर! महिनाभर पडदीपलीकडे पडून त्यांनी घोरपड ऐकली होती, घुबड ऐकलं होतं, बैलाची वेसण ऐकली होती. त्यांनी डोळे पुसले आणि दारातल्या पेटीकडे बघितलं, तिच्या कडीला अजून अडकवलेल्या चमकीकडे.

"मामा," ते म्हणाले, "पोरांचा नेम हाय. म्हशीला ह्यो कौल लागू न्हाई."

"आवो, पन देवानं…"

"देवाला मी बगतो. तुमी च्या घ्या. पाशिंजर गाठायची हाय तुमाला."

मामांनी चहा घेतला. माणूस गोडच होता, जाताना बंडूच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. आत्याने पेटी उचलून परत आत ठेवली आणि फाका गोळा केल्या. आईने खण तेवढा मामांच्या पिशवीत परत घातला, जरा हळहळून, हिरवा होता आणि सुंदर होता.

पुढचं सगळं कुठल्याही घरात होतं तसं. पाऊस आला. मार्थाबाईंनी ओळखीने आत्याला श्रीरामपूरच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला धाडलं. आत्या तिथेच शिकली, तिथेच नोकरी केली, तिथेच म्हातारी झाली. किती बाळं तिच्या हातावर आली कुणास ठाऊक. लग्नाचं म्हणाल तर दोनदा विचारणा झाली असं ऐकते, तिने कानावर घेतली नाही. अण्णा-आई गेली. बंडूही गेला, माझ्याआधी, हा हिशेब मी अजून देवाला माफ केलेला नाही. एस्तेर कुठेतरी केरळकडे असते म्हणतात. मध्ये एकदा मी वसाहतीकडे गेले होते. क्वार्टरच्या जागी गवत आहे. मळीचा वास मात्र होता, अगदी तसाच, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पोटभर घेतला. गाडीवाला म्हणाला, "काकू, रुमाल देऊ का नाकाला?" मेला.

"आन् म्हशीला?" आत्याने पुन्हा विचारलं. अर्णवने मोबाईलमध्ये शोधलं. "म्हैस नाहीये लिस्टमध्ये."

"मंग कसला रं तुमचा खेळ!"

मी खाटेवर बसले होते, लाडवांचा डबा मांडीवर. आणि मला एकदम स्वतःची लाजच वाटली. सकाळपासून मी काय करत होते? "लोक काय म्हणतील आत्या, भाची असून म्हातारीला एकटं टाकलं!" हा अण्णांचा. पदराने डोळे पुसले, तो आईचा. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं," हा तर शब्द न् शब्द त्या मामांचा, डब्यासकट. आणि म्हैस आपली शेंगा फोडत होती.

मी डबा बाजूला ठेवला. शेंगांची फोलपटं गोळा केली, न्हाणीत जाऊन घसरायच्या जागी गोणपाट पसरलं, शेजारणीला माझा नंबर दिला. मग चपला घालता घालता म्हणाले, "आत्या, मागची खोली रिकामी आहे. खिडकीला पूर्वेचं ऊन येतं. अंगणात चिंच वाळत घातलीय, फोडायची राहिलीय. फाटकाला कुलूप नसतं."

"हं," आत्या म्हणाली.

रिक्षात बसल्यावर अर्णव मागे वळायला लागला. मी त्याची मान धरून पुढे केली.

"आजी, हरलो का आपण?"

"गप बस. मागं बघायचं नाही."

"का?"

"बघितलं की थांबते."

घरी आल्यावर मी फोन केला नाही. रात्री न्हाणीतला आवाज ऐकू यायचा, माझ्याच न्हाणीतला, तरी केला नाही. शेजारणीच्या फोनवर समाधान मानलं. अर्णव परत आपल्या घरी गेला. चिंच वाळून कडकडीत झाली. मी रोज म्हणायचे आज फोडू, आणि सूप उचलून परत ठेवायचे.

मग एका सकाळी मी ओट्याशी उभी असताना फाटक करकरलं. दारात रिक्षा होती. रिक्षावाला एक हिरवी पत्र्याची पेटी उतरवत होता, रंगाचे पोपडे गेलेली. पेटीच्या मागून आत्या आली, प्लास्टर निघालेलं, काठी नाही, पदर खोचलेला. तिने अंगणभर पसरलेल्या चिंचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आले बाई," ती म्हणाली. "कडबा कुठंय?"